अर्ध्या इंचाचे नाते

(सायकलीची साखळी तुटली, तर दुसऱ्या सायकलीचा तुकडा लावून काम भागवता येते. पण कोणता तुकडा चालतो आणि कोणता धोक्याचा असतो? या पाठात ते सांगितले आहे.)



पावसाळ्याचे दिवस आहेत, असे समजा. यवतमाळ जिल्ह्यातील नेर या तालुक्याच्या गावी तुमची शाळा आहे. जवळच्या खेड्यातून तुम्ही सायकलीने निघाला आहात. ही कपाशीची काळी माती! पाऊस पडला, की ती चाकाला आणि साखळीला चिकटते. आज परीक्षा आहे. घाईघाईने तुम्ही पायडलवर जोर देता. 'कट्' असा आवाज होतो आणि पाय एकदम खाली जातो. साखळी तुटली!

सायकल ढकलत तुम्ही नेरमधल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात येता. नव्या साखळीपुरते पैसे तुमच्या खिशात नाहीत. दुकानातले चाचा एक पत्र्याचा डबा काढतात. त्यात जुन्या साखळ्यांचे तुकडे असतात.

"चाचा, दुसऱ्या सायकलीचा तुकडा माझ्या सायकलीला कसा बसेल?" तुम्ही विचारता.

"बसेल बेटा, पण आधी मोजून पाहू," चाचा म्हणतात.

चाचा काय मोजतात? साखळीला उर्दूत आपण जंजीर म्हणतो. तिच्यात एक आतली कडी आणि एक बाहेरची कडी, अशा कड्या आळीपाळीने जोडलेल्या असतात. त्यांना पिना जोडतात. आतल्या कडीत छोटे रोलर फिरतात. चाकाचे दाते या रोलरांमध्ये अडकतात. अशी रोलरची साखळी हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० साली तयार केली. पूर्वी एक इंच अंतराच्या साखळ्याही असत. पुढे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच, हेच माप रूढ झाले. सायकल कोणत्याही कारखान्याची असो, हे अंतर बहुधा तेवढेच असते. म्हणूनच एकीचा तुकडा दुसरीच्या उपयोगी पडतो.

पण एवढ्यावर भागत नाही. साखळीची रुंदीही जुळावी लागते. गिअरच्या सायकलीची साखळी अरुंद असते. ती साध्या सायकलीच्या जाड दात्यांवर बसत नाही. मोटारसायकलच्या काही साखळ्यांतही अंतर अर्ध्या इंचाचेच असते. पण त्यांची कडी रुंद आणि रोलर जाड असतो. त्यामुळे तो तुकडाही चालत नाही.

तिसरी गोष्ट झीज. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. साखळी ताणून २४ कड्या मोजा. त्यांची लांबी बरोबर १२ इंच भरली पाहिजे. ती इंचाच्या आठव्या भागाइतकी जास्त भरली, तर पिना झिजल्या आहेत असे समजा. अशा साखळीला अगदी नवा तुकडा जोडला, तर दोघांचे माप जुळत नाही. साखळी आवाज करते आणि दात्यांवरून उडी मारते. म्हणून चाचा साधारण तेवढाच वापरलेला तुकडा निवडतात.

तुटलेली एकच कडी काढून चालत नाही. आतल्या कडीला बाहेरचीच कडी जोडावी लागते. म्हणून कड्या जोडीने काढाव्या लागतात. एक जोडी काढली, की साखळी एक इंच आखूड होते. मागचे चाक अर्धा इंच पुढे सरकवले, की ती पुन्हा बसते. पण चाक आधीच खाचेत अगदी पुढे असेल, तर तेवढाच तुकडा जोडावा लागतो. तुमच्या सायकलीचे तसेच झाले आहे.

चाचा हातोडीने पिन ठोकून बसवतात. जोडलेली कडी सहज वळते का, ते हलवून पाहतात. मग पायडल उलटे फिरवून सगळी साखळी नजरेखालून घालतात. तुम्ही बोट पुढे नेता. "बोट दूर ठेव बेटा! साखळी बोट ओळखत नाही," चाचा ओरडतात.

"चाचा, पिनेऐवजी खिळा किंवा तार लावली असती तर?"

"नको रे बाबा! तार सुटते आणि खिळा वाकून तुटतो. तू चढावर जोर देशील आणि तोंडावर पडशील. खिळा लावला, तर सायकल हातात धरून घरी न्यायची, बसायचे नाही. आणि ऐक, हा तुकडाही थोड्या दिवसांचा पाहुणा आहे. साखळी झिजली आहे. अब्बांना सांगून नवी घे. आता जा, पैसे उद्या दे!"

मित्रांनो, अडचणीच्या वेळी हाताशी असेल त्यावर काम भागवणे, ही मोठी कला आहे. पण चांगला कारागीर आधी मोजतो, मग जोडतो आणि हे काम किती दिवस टिकेल, तेही खरेखरे सांगतो. तुम्हीही तसेच करा.

शब्दार्थ
आळीपाळीने – एकानंतर एक
रूढ होणे – सगळीकडे चालू होणे
झीज – वापरामुळे वस्तू कमी होणे
आखूड – लांबीने कमी
काम भागवणे – तेवढ्यापुरती गरज पुरी करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) साखळीच्या दोन पिनांमध्ये किती अंतर असते?
(आ) गिअरच्या सायकलीची साखळी साध्या सायकलीला का चालत नाही?
२. चाचांनी खिळा लावण्यास नकार का दिला? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा. उदा., कारागीर.
४. घरच्या सायकलीच्या २४ कड्या मोजा व त्यांची लांबी वहीत लिहा.