एकचक्रानगरीचा बकासुर : टेबलावरच्या लढाईसाठी मोठ्या मूर्तींची तयारी
(द्वितीय वर्ष, कला)

लढाईचा खेळ टेबलावर खेळणे ही कल्पना आपणांस नवी नाही. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही चारही अंगे होती. पुढे १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले. १९७१ च्या 'चेनमेल' या नियमावलीत तर राक्षस व जादूगारांनाही स्थान मिळाले. यातील 'चकमकी'च्या प्रकारात दोन्ही बाजूंस मोजक्याच मूर्ती असतात. प्रत्येक मूर्ती वेगळी चालते आणि अंतर पट्टीने मोजतात. मूर्ती थोड्या, म्हणून त्या मोठ्या व निगुतीने केलेल्या असाव्यात, हे ओघानेच आले.

असा खेळ मांडायला आपल्याला परदेशी कथा शोधायला नको. एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी आपल्याकडे परंपरा आहे. पद्मालयाजवळ भीमकुंडही दाखवतात. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस रोज मागणारा बकासुर व त्याला सामोरा गेलेला भीम, हीच आपली चकमक.

आकाराचा प्रश्न

माणूस साडेसात सेंटिमीटरचा धरला, तर बकासुर निदान पंधरा सेंटिमीटरचा हवा. येथे एक गणित लक्षात घ्यावे. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होते, पण घोट्याची जाडी त्याच प्रमाणात वाढवली तरी त्याचा छेद चौपटच होतो. म्हणजे घोट्याच्या प्रत्येक भागावर दुप्पट भार येतो. मोठी मूर्ती बहुधा पायाशीच मोडते, त्याचे कारण हे. उपाय दोन : धड आतून पोकळ ठेवावे आणि जमिनीला तिसरा टेकू द्यावा. कथेत बकासुर झाड उपटून भीमावर धावतो. त्या झाडाचा बुंधा जमिनीला टेकवला, की कथाही राखली जाते आणि मूर्तीही.

मातीचे काम

खान्देशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाईची मातीची मूर्ती बसते. पोळ्याला मातीचे बैल होतात. तीच रीत येथे चालते. माती मळून तिच्यातील हवा व खडे काढावेत. साच्याच्या दोन्ही भागांत ती सारख्या जाडीने दाबावी. जोडाच्या कडा खरवडून, त्यांना मातीचा पातळ राबडा लावून दोन्ही भाग एक करावेत. पोकळ मूर्तीला खालून एक भोक ठेवावे, नाहीतर भट्टीत ती फुटेल. मातीत तार घालू नये. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, आणि तडा जातो. मूर्ती सावलीतच वाळवावी व जोडाची उभी रेघ ओलसरपणीच घासून काढावी. रंग चढल्यावर ती रेघ अधिकच उठून दिसते.

रेझिनच्या तयार मूर्तींची रीत थोडी वेगळी आहे. साच्याचे तेलकट आवरण साबणाच्या पाण्याने धुवावे, रेघा खरवडाव्यात, हातपाय जोडताना भोके पाडून आत तार बसवावी व फटी लांबीने भराव्यात.

रंग

आधी पांढरा किंवा करडा एकसारखा थर द्यावा. नंतर पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास चेहऱ्याचे बारकावे बुजतात. खोलगट जागी गडद आणि उंचवट्यावर फिकट रंग घ्यावा. खेळात मूर्तीला सारखे हात लागतात, म्हणून शेवटी वॉर्निश हवे. मूर्ती लाकडी पाटावर पक्की बसवावी. सर्व माणसांचे पाट एका मापाचे असावेत, कारण अंतर पाटाच्या कडेपासून मोजले जाते.

एक सूचना करावीशी वाटते. टेबलावर केवळ भीम आणि बकासुर नकोत. ज्या घरावर त्या दिवशी पाळी आली होती, तेही घर असावे. लहान माणसे शेजारी असल्याशिवाय राक्षसाचे मोठेपण कळत नाही, आणि भीम कोणासाठी लढला हेही कळत नाही.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्यासारख्या पुष्कळांना घरच्या हातकामाविषयी वर्गात बोलण्याचा संकोच वाटतो. पण मातीचे आकसणे, भाराचे गणित, महाभारतातील आख्यान व रंगाचे शास्त्र या एका मूर्तीत एकत्र येतात. भट्टीत मूर्ती का फुटते हे ज्या हातांना ठाऊक आहे, त्यांच्याजवळ विद्या नाही असे कोण म्हणेल? ती विचारून घेणे व लिहून ठेवणे हे काम आता आपले आहे.