यादीत नाव नाही, मग पुढे?

फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी

हल्ली निवड यादी मैदानाबाहेरच्या फलकावर लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येते. त्यामुळे बहुतेक घरांत ती मुलाआधी आई किंवा बाबाच वाचतात. मुलगा सरावाहून घरी येतो तेव्हा निकाल त्याला यादीतून नव्हे, घरच्यांच्या चेहऱ्यावरून कळतो. यादीतून वगळलं जाणं, दुखापत, राखीव खेळाडूंत बसून काढलेला हंगाम हे सगळं तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला झेपतं. त्याच्यावर मोठ्यांची निराशाही लादली की मग झेपत नाही. म्हणून पालकांनी आणि कोचनी आधी स्वतःकडे पाहायला हवं.

यादी आली त्या संध्याकाळी

त्या दिवशी कोचना फोन करू नका. ग्रुपवर 'अमक्याच्या मुलाला कसं घेतलं?' असं विचारू नका. मुलाला रडायचं असेल तर रडू द्या, जेवायला वाढा, विषय त्याने काढला तरच बोला. दोन-तीन दिवसांनी कोचना भेटायचं, पण बोलायचं मुलानेच. तुम्ही सोबत थांबा. प्रश्न तीनच असू द्यात: माझ्या खेळात काय चांगलं दिसलं, काय कमी पडलं, आणि पुढच्या तीन महिन्यांत मी कशावर काम करू? बारा वर्षांच्या मुलाला हे विचारता येतं. विचारताना त्याला जे बळ मिळतं, ते वडिलांच्या वशिल्याने मिळत नाही.

कोच मंडळींनीही उत्तर मोघम देऊ नये. 'अजून मेहनत घे' या वाक्यातून मुलाच्या हाती काहीच लागत नाही. 'चेंडू घेण्याआधी तू मागे वळून बघत नाहीस, डावा पाय वापरत नाहीस' असं सांगितलं तर त्याला उद्याचा सराव ठरवता येतो. नाव न आलेल्या मुलांशी यादी जाहीर होण्याआधी दोन मिनिटं बोललं, तर निम्मी कटुता तिथेच संपते.

वगळलं जाण्यामागे अनेकदा जन्मतारीखही असते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय गटांत वय १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, पण दोघांत जवळपास वर्षाचं अंतर असतं. त्या वयात एका वर्षात उंची, वेग आणि ताकद बरीच बदलते. निवडकर्त्याला मोठा मुलगा 'हुशार' वाटतो, प्रत्यक्षात तो फक्त आधी वाढलेला असतो. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची निवड जास्त होते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उशिरा वाढणाऱ्या मुलाला हे समजावून सांगा. त्यात खोटा दिलासा नाही, वस्तुस्थिती आहे. आणि यावर उपाय म्हणून जन्मदाखल्यात फेरफार करण्याचा विचारही मनात आणू नका. वयोगटाच्या स्पर्धांत वैद्यकीय वयतपासणी होते, आणि पकडलं गेल्यावर बंदीचा फटका मुलाला बसतो.

मुलाचं नाव यादीत नसलं की इंग्लिश फुटबॉलपटू जेमी वार्डीचं उदाहरण हटकून निघतं. शेफील्ड वेन्सडे क्लबने त्याला सोळाव्या वर्षी सोडून दिलं, तो कारखान्यात काम करत खालच्या स्तरावर खेळत राहिला आणि २०१६ मध्ये लेस्टर सिटीकडून इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकला. हकीकत खरी आहे. पण त्याच वयात सोडून दिलेली आणि पुढे कुठेच न दिसलेली मुलं शेकड्यांनी आहेत. 'तूही वार्डी होशील' म्हणण्यात पुन्हा एक अपेक्षाच दडलेली असते. त्यापेक्षा 'उद्या सरावाला जायचंय का?' एवढं विचारलेलं चांगलं.

वाढीचं वय आणि दुखणारे पाय

मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या आणि मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. पाय लांब होतात, पण तोल सांभाळायची सवय जुन्याच मापाची असते. कालपर्यंत सफाईने पास देणारा मुलगा अचानक अडखळतो, चेंडू पायातून निसटतो. कोचला वाटतं लक्ष उडालं, घरी वाटतं मोबाइलने बिघडवलं. बहुतेक वेळा हे काही महिन्यांत आपोआप सावरतं. या काळात त्याला संघाबाहेर काढण्याऐवजी साधे, पुन्हा पुन्हा करण्याचे सराव द्यावेत.

याच वयात टाचेच्या मागच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागतं. वाढत्या हाडावर स्नायूंचा ताण आला की असं होतं. विश्रांती, सरावाचा भार कमी करणं आणि फिजिओने सांगितलेले व्यायाम यांनी ते सहसा बरं होतं. वेदनाशामक गोळी देऊन सामना खेळवणं हा मात्र उपाय नव्हे. दुखणं एकाच जागी दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं, रात्री झोपमोड करू लागलं किंवा मूल लंगडू लागलं, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रशिक्षकांसाठी फुकटात मिळणारी एक चांगली गोष्ट म्हणजे फिफाचा '११+' हा वॉर्मअप. धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघे नीट ठेवून उतरणं अशा व्यायामांचा हा वीसेक मिनिटांचा क्रम नियमित केल्यास दुखापती लक्षणीय कमी होतात. मुलींसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे, कारण गुडघ्यातला अस्थिबंध फाटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त असतो.

मुलींच्या अडचणी दुखापतीवर थांबत नाहीत. मैदानावर स्वच्छतागृह नसणं, पाळीच्या दिवसांबद्दल कोचशी बोलता न येणं, संध्याकाळी उशिरा एकटीने परतणं, यांपैकी एखाद्या कारणाने चांगली खेळाडू आठवीत खेळ सोडते आणि घरी 'तिचा रस कमी झाला' असं म्हटलं जातं. २०२२ मध्ये मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्याचे काही सामने नवी मुंबईत आणि मडगावलाही झाले. आपल्या मुलींना तिथवर न्यायचं तर सुरुवात स्वच्छतागृहापासून करावी लागेल.

रेषेबाहेरून ओरडणं

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या संघांचे सामने असले की शाहू स्टेडियम भरतं. पेठेतलं पोर मोठं होतं ते आपल्या तालमीच्या संघाचा शर्ट अंगावर घालण्याचं स्वप्न पाहत. हे प्रेम महाराष्ट्रात इतर ठिकाणी क्वचितच दिसतं. मात्र चुकलेल्या पेनल्टीची दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चिरफाडही होते, आणि सतरा वर्षांच्या मुलाला ती ऐकावी लागते. गर्दीला गप्प करता येत नाही. निदान मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या बाबांनी त्यात भर घालू नये.

'शूट! पास दे! मागे ये!' असं तिघे एकाच वेळी ओरडले की मुलगा स्वतः विचार करणं थांबवतो. फुटबॉल तर क्षणाक्षणाला निर्णय घेण्याचाच खेळ आहे. पालकांनी टाळ्या वाजवाव्यात, सूचना कोचनी द्याव्यात, आणि त्याही थोड्या. सामन्यानंतर स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला चुका मोजून दाखवू नका. त्या त्याला तुमच्याआधी कळलेल्या असतात.

कोचच्या वागण्याने किती फरक पडतो, याचा एक जुना अभ्यास आहे. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलच्या काही कोचना हंगामाआधी एका छोट्या कार्यशाळेत शिकवलं गेलं: प्रयत्नाचं कौतुक करा, चूक झाल्यावर धीर द्या आणि दुरुस्ती सांगा, शिक्षा टाळा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुढच्या वर्षी या कोचच्या संघांतली ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली, तर इतर संघांतली २६ टक्के. जिंकण्या-हरण्याच्या प्रमाणात मात्र दोन्हींत फरक नव्हता. म्हणजे प्रेमाने वागल्याने संघ हरत नाही.

दहावीचं वर्ष

'यंदा खेळ बंद, दहावी आहे' हा निर्णय घराघरांत होतो आणि बहुतेकदा महागात पडतो. रोज धावणाऱ्या मुलाला अचानक बसवलं की झोप बिघडते, चिडचिड वाढते, आणि वाचलेला वेळ अभ्यासात जातोच असं नाही. सराव आठवड्यातून सहा दिवसांऐवजी तीन दिवस करा, बाहेरगावच्या स्पर्धा कमी करा, परीक्षेच्या आधीचा महिना मोकळा ठेवा. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटेचा सराव, शाळा आणि रात्रीचा क्लास असं वेळापत्रक असेल, तर त्यातलं काहीतरी कमी करावंच लागेल. कोचना हे जूनमध्येच सांगा, जानेवारीत नव्हे.

पोटापाण्याचं काय?

इथे स्पष्ट बोललं पाहिजे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या २१ जणांच्या संघातून काही जण वरिष्ठ राष्ट्रीय संघात पोहोचले, तर काहींची नावं आज फारशी ऐकू येत नाहीत. देशातले सर्वोत्तम म्हणून निवडलेल्यांची ही गत आहे. क्लबांचाही भरवसा नाही: मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला, एफसी पुणे सिटीने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला, आणि २०२५ मध्ये तर व्यावसायिक हक्कांच्या करारावरून खुद्द इंडियन सुपर लीगचाच हंगाम लांबणीवर पडला. म्हणून 'फुटबॉल की शिक्षण' असा प्रश्न पालकांनी घालूच नये. दोन्ही चालू ठेवायचं.

खेळाभोवती उभं राहता येईल अशा वाटा मात्र खऱ्या आहेत. रेल्वे आणि पोलीस दल खेळाडूंची भरती करतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या दर्जाची कामगिरी आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते, नुसता सहभाग पुरत नाही. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे डी, सी, बी, ए असे चढत जाणारे प्रशिक्षक परवाने आहेत. पंच, फिजिओथेरपिस्ट, फिटनेस ट्रेनर, सामन्याचं व्हिडिओ विश्लेषण करणारा, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक या वाटांवर खेळलेल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त कळतं.

निवासी अकादमीत घालण्याआधी फी विचाराल त्याच गंभीरपणे हेही विचारा: कोचकडे कोणता परवाना आहे, मुलं कोणत्या शाळेत जातात, वसतिगृहात रात्री कोण असतं, दुखापत झाल्यास खर्च कोण करतं, सोडायचं ठरवल्यास ना-हरकत पत्र कसं मिळतं? 'युरोपातल्या क्लबात निवड' असं सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहा. फिफाच्या नियमांनुसार मोजके अपवाद सोडले तर १८ वर्षांखालील खेळाडूची परदेशी क्लबात बदलीच होत नाही.

खेळापलीकडची अडचण

मूल सतत पोटदुखीचं कारण सांगून सराव टाळत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्रांपासून तुटलं असेल किंवा एखाद्या विशिष्ट मोठ्या माणसाचं नाव काढताच गप्प होत असेल, तर 'मनाने कच्चा आहे' म्हणून सोडून देऊ नका. रागे न भरता विचारा आणि सांगितलेलं खरं माना. मानसिक आरोग्यासाठी शासनाची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

आणि दरवर्षी परीक्षा संपल्यावर एकदा मुलासोबत बसा. यंदा काय आवडलं, काय नकोसं झालं, पुढच्या वर्षी खेळायचंय का, एवढं विचारा. 'हो' म्हणाला तर पुढच्या वर्षीचा सराव आणि अभ्यास यांची आखणी मिळून करा. 'नाही' म्हणाला तर बुटांचे आणि फीचे पैसे मोजून दाखवू नका. त्याने घेतलेला तो कदाचित पहिला मोठा निर्णय असेल, आणि असे निर्णय त्याला पुढे कोणत्याही करिअरमध्ये घ्यावेच लागणार आहेत.