मिठाच्या बरणीतील ऋतुचक्र

घरातील मिठाच्या बरणीकडे तुम्ही कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? आमच्या मुलुंडच्या घरी जून महिन्यात एके सकाळी आई म्हणत असे, "मिठाला पाणी सुटलं, आता वाळवणं पुरे." वळवाच्या एक-दोन सरी आधीच येऊन गेलेल्या असत, पण तिच्या लेखी पावसाळा त्या दिवशी सुरू होई. पदार्थविज्ञान शिकवू लागल्यावर माझ्या लक्षात आले की, तिचे हे पंचांग ७५ या एका आकड्यावर चालत होते.

एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितके बाष्प राहू शकते, त्याच्या शेकडा किती बाष्प प्रत्यक्षात आहे, हे सापेक्ष आर्द्रता सांगते. आता मिठाचा एक खडा घ्या. हवेतील पाण्याचे रेणू त्यावर येऊन बसतात, काही परत उडतात. शुद्ध पाण्यातून रेणू जितक्या सहज निसटतात, तितक्या सहज ते मिठाच्या संपृक्त द्रावणातून निसटत नाहीत. या द्रावणाचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे तीनचतुर्थांश असतो. म्हणून आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की येणारे रेणू जाणाऱ्यांहून अधिक होतात आणि मीठ विरघळू लागते.

जाडे मीठ मात्र याहून उतावळे! मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील खाडीकाठच्या मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवले जाई. अशा मिठाला मॅग्नेशियम क्लोराइड थोडेफार चिकटून राहते, आणि त्याला ३३ टक्क्यांवरच पाणी सुटते. इतकी कोरडी हवा मुंबईत हिवाळ्यातील एखाद्या दुपारी मिळाली तर मिळते.

मग मे महिन्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, गच्चीवरचे पापड वाळतात कसे? समजा, हवेचे तापमान ३३ अंश सेल्सियस व आर्द्रता ६० टक्के आहे. उन्हात पापड ४५ अंशांपर्यंत तापला. त्याला लागून असलेल्या हवेतील बाष्प तेवढेच राहिले. पण ४५ अंशांना बाष्पाची कमाल मर्यादा ३३ अंशांच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणजे तेथील आर्द्रता ३२ टक्क्यांच्या आसपास उतरते. पापडापुरते राजस्थान गच्चीवर अवतरते म्हणा ना! जुलैत ऊन नाही, त्यामुळे ही युक्तीही नाही. तळलेला पापड ताटात येऊन गप्पा रंगेपर्यंत सादळतो, आणि खिडकीशी वाचत बसावे तर पुस्तकाची पानेही दमट होऊन लाटांसारखी वाकलेली. कागदाचे तंतू पाणी घेऊन फुगतात, तेही सगळीकडे सारखे नाही.

दिवाळीच्या सुमारास बरणीत आणखी एक गंमत दिसते. पहाटे आर्द्रता ७५ च्या वर, दुपारी खाली. पहाटे कणांवर द्रावणाचा थर येतो, दुपारी तो वाळतो आणि दोन कणांमध्ये मिठाचाच सांधा तयार होतो. असे रोज घडून मिठाचा दगड होतो. चमचा मोडेल, पण मीठ निघणार नाही.

येत्या १ मेपासून एका वाटीत बारीक व दुसरीत जाडे मीठ, पाऊस लागणार नाही अशा खिडकीत ठेवा. रोज सकाळी व दुपारी पाहून नोंद करा. शेजारी हवामान खात्याने दिलेला सांताक्रूझ वेधशाळेचा आर्द्रतेचा आकडा लिहा. बारीक मिठाला पहिल्यांदा पाणी सुटले त्या दिवशी तो किती होता? तुमच्या खिडकीतील हवा सांताक्रूझची नव्हे, हे मात्र तुलना करताना ध्यानात असू द्या.