आवलीचे भांडण

पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट सन १९३६ त निघाला. दामले व फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांनीच पुढे सन १९४० त अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सच्या ‘नरसी भगत’मध्ये नरसी मेहता रंगविला. परंतु वाचकहो, आमचे लक्ष तुकोबांपेक्षा त्यांच्या पत्नीकडे, गौरी या नटीने केलेल्या आवलीकडे, अधिक जाते.

पति भजनांत दंग. घरांत दाणा नाही. मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला देवळांत नेते आणि हातांत वहाण घेऊन देवालाच जाब विचारिते. कित्येक उपदेशक तिला अविश्वासी ठरवितील. (असे उपदेशक बहुधा पोटभर जेवलेले असतात.) आम्हांस तसे वाटत नाही. ईयोबाच्या पत्नीने देवाला सोडण्याचा सल्ला दिला. आवली तर भांडावयास त्याच्याच दारी गेली. जो ऐकतच नाही असे वाटते, त्याच्याशी कोण भांडेल? तेव्हा उपाशी घरांत प्रार्थनेस जाणाऱ्या बंधूंनी आधी चुलीकडे पाहावे.

शिवाजीराजांचा नजराणा तुकोबा परत करितात, तेव्हा त्याग त्यांचा, पण उपास मुलांचाही होतो. चित्रपट हे झांकीत नाही. शेवटी तुकोबा वैकुंठास जातात, आणि आवली मुलांपाशी मागे राहते.