सिमेंटच्या पत्र्यातील छुपा धोका

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲसबेस्टॉस या खनिजाचे तंतू असतात. पत्रा कापला, त्याला भोक पाडले किंवा तो फुटला की हे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात. त्यातून ॲसबेस्टोसिस व कर्करोग होऊ शकतो. आजार अनेकदा २० ते ४० वर्षांनी उघड होतो, म्हणून कारण ध्यानात येत नाही. विडी-सिगारेटने धोका आणखी वाढतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्क मानला व ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला.

पत्रे काढताना ते ओले करावेत, फोडू नयेत. चुरा कोरडा झाडू नये. छपरावर चढणारा मजूर आपलाच बांधव आहे. त्याला हे अवश्य सांगावे.