पांदणीवरचा सायक्लोक्रॉस

प्रश्न : मी रोज सकाळी फुटाळा, सेमिनरी हिल्स असा सायकलचा फेरा मारतो. सायक्लोक्रॉसच्या शर्यती पाहिल्यापासून मातीत उतरायची ओढ लागली आहे. वेगळी सायकल घ्यावी लागेल का? नागपुरात सुरुवात कशी करू?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : सायकल घ्यायची घाई करू नका. घरी एमटीबी असेल तर तिच्यावरच शिका. टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद नको हा नियम आंतरराष्ट्रीय शर्यतींचा आहे, हौशी स्वाराला तो सहसा आड येत नाही.

नागपूरच्या सायकलवेडाला लांब पल्ल्याची सवय आहे. आपल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. सायक्लोक्रॉसचा पिंडच निराळा. अडीच ते साडेतीन किलोमीटरची वाट, तिच्यावर गवत, वाळू, चिखल, खडा चढ, आणि पहिल्या मिनिटापासून जीव तोडून चालवायचं. थोरामोठ्यांची पुरुषांची शर्यतसुद्धा तासाभरात आटोपते. १९४७ ची टूर द फ्रान्स जिंकणारा ज्याँ रोबिक १९५० मध्ये या खेळाचा पहिला जगज्जेता झाला, यावरून त्याचा कस ओळखा.

तेव्हा आधी शिकायचं ते उतरणं. शर्यतीत ४० सेंटिमीटर उंचीच्या दोन फळ्या चार मीटर अंतराने आडव्या असतात. मैदानाच्या कडेला विटांवर बांबू ठेवून त्या घरच्या घरी करता येतात. नेहमी डाव्या बाजूला उतरा, कारण साखळी उजवीकडे असते. उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणा, उजव्या हाताने वरचा दांडा धरा, मग डावा पाय पेडलवरून सोडून पळतच जमिनीवर या. पुन्हा बसताना सीटवर धप्पकन आदळू नका. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर घसरत यायला हवी. आठवडाभर हे चालत्या वेगात करा, पळायचं नंतर.

सरावाला पांदण रस्त्याइतकी चांगली जागा नाही. हिंगण्याकडे, बेशाच्या पुढे अजून पांदणी आहेत. पण पावसाळ्यात तिकडे जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. आपली काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चढत जातात, टायर आणि फोर्क यांच्यामध्ये गच्च बसतात, आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने खरवडत बसा. शिवाय तुमच्या चाकोऱ्या वाळून टणक झाल्या की बैलगाडीच्या वाटेचं नुकसान, आणि ते कास्तकाराने का सोसावं? दिवाळी ते होळी हा आपला हंगाम. युरोपातही शर्यती हिवाळ्यातच होतात.

बाभळीचे काटे मात्र बारमाही. ट्यूबलेस टायर आणि त्यातलं सीलंट यांवर खर्च करा, नव्या सायकलीपेक्षा तो आधी. ट्यूब असेल तर रुंद टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा पुरे. दोन सुट्या ट्यूब जवळ असू द्या. चार सोबती जमले की गवतावर फेरा आखून अर्ध्या तासाची शर्यत लावा.