पिकअपला चिप बसवायची? आधी वही उघडा, मग बॉनेट



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पिकअपच्या ट्यूनिंग चिपबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय. पेन घेऊन बसा.

माझ्या दुकानात हा प्रश्न सारखा येतो. "शेठ, चिप बसवू का? ओढ पण वाढते आणि ॲव्हरेज पण वाढतं म्हणे." पूर्वी मी सरळ चिप काढून काउंटरवर ठेवायचो. आता आधी गिऱ्हाइकाला खुर्ची देतो. हा बदल का झाला, ते आधी सांगतो.

माझी चूक

नारायणगाव पट्ट्यातले एक काका, माझे जुने गिऱ्हाईक. टोमॅटो भरून वाशी मार्केटला जायचे. गाडी बीएस-६, वॉरंटीतली. मी त्यांना १८,००० रुपयांचा ट्यूनिंग बॉक्स दिला. माझं मार्जिन ३,०००. पहिले पंधरा दिवस काका खूश.

मग एका रात्री कल्याणहून परतीचं भाडं म्हणून फरशी भरली आणि माळशेज चढताना चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे इंजिनाने स्वतःला वाचवायला ताकद कापून टाकली. क्लचचा जळका वास वेगळाच. रात्री साडेअकराला फोन आला, "शेठ, तुमच्या शब्दावर बसवली होती हो."

दोन दिवस गाडी उभी. तोडलेला माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, आधी बॉक्स काढा, मग बोलू. मी पैसे परत केले, पण क्लचचा खर्च काकांच्याच खिशातून गेला. त्यांची चूक एवढीच, की त्यांनी मला विचारलं आणि मी त्यांना काहीच विचारलं नाही.

चिप म्हणजे नक्की काय?

बाजारात "चिप" या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात.

१. स्वस्त प्लग. स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा, दिवे लुकलुकतात. असे बरेच प्लग इंजिनाच्या सेटिंगला हातही लावत नाहीत. काही ठिकाणी हवेच्या तापमानाच्या सेन्सरला साधा रेझिस्टर जोडून देतात. यावर एक रुपयाही घालू नका.

२. ट्यूनिंग बॉक्स. डिझेल गाडीत हा सहसा रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो. तो ईसीयूला प्रेशर कमी असल्याचं सांगतो, ईसीयू प्रेशर वाढवतो, जास्त डिझेल जातं, ताकद वाढते. म्हणजे ताकद फुकट आलेली नाही, डिझेल जाळून आली आहे.

३. रीमॅप. ईसीयूमधला प्रोग्रामच बदलायचा. जाणकार माणसाने तुमची गाडी तपासून केला तर तिघांत हा सगळ्यात शिस्तीचा. पण चुकला तर नुकसानही तितकंच मोठं.

कंपनीने इंजिन, टर्बो आणि क्लचमध्ये थोडी राखीव जागा ठेवलेली असते. ती उन्हाळ्यासाठी, घाटासाठी, खराब डिझेलसाठी असते. चिप हीच राखीव जागा खर्च करते. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही तुमची एफडी मोडण्यासारखी गोष्ट आहे. मोडता येते, पण कशासाठी मोडतोय ते माहीत पाहिजे.

तुमचा प्रॉब्लेम कोणता?

काकांच्या रूटकडे बघा. माल भरलेला असताना गाडी घाट उतरते, आणि येताना बहुतेक वेळा रिकामे क्रेट घेऊन चढते. मग जास्तीची ताकद लागते कुठे? महिन्यातून दोन-तीन वेळा, परतीचं भाडं मिळालं तर. हे मी तेव्हा विचारलंच नाही.

गाडी ओढत नसेल तर आधी हे बघा: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोच्या पाइपची गळती, धरून राहणारे ब्रेक, टायरची हवा, घसरणारा क्लच. आणि मनाला विचारा, माल पासिंगपेक्षा जास्त भरतोय का? ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. ओव्हरलोडवर चिप हा इलाज नाही.

आता हिशेब

सोपे आकडे धरू. महिन्याला ३,००० किमी, ॲव्हरेज १२, डिझेल ९० रुपये. म्हणजे २५० लिटर, २२,५०० रुपये.

- विकणारा म्हणतो २० टक्के वाढ. ॲव्हरेज १४.४, बचत सुमारे ३,७५० रुपये. १८,००० रुपये पाच महिन्यांत वसूल. ऐकायला छान वाटतं.
- सावध माणूस ५ टक्के धरेल. ॲव्हरेज १२.६, बचत सुमारे १,०७० रुपये. वसुलीला १७ महिने.
- आता एकच ब्रेकडाउन धरा. क्लच १२,०००, टोइंग ४,०००, दोन दिवसांचं बुडालेलं भाडं ६,०००. एकूण २२,०००. म्हणजे वीसेक महिन्यांची बचत एका रात्रीत गेली.

आणि ओढ वाढली की पाय जड होतो, हे ड्रायव्हर कबूल करत नाही. तेव्हा ते ५ टक्केसुद्धा टिकतील असं नाही.

एक महत्त्वाची गोष्ट: बॉक्स बसवल्यावर मीटरवरच्या ॲव्हरेजवर विश्वास ठेवू नका. ईसीयूला प्रेशर खोटं कळतंय, म्हणजे डिझेल किती गेलं हा त्याचा अंदाजही चुकतो. मीटर वाढीव ॲव्हरेज दाखवू शकतो. टाकी फुल टू फुल करून पंपाच्या पावतीवरूनच मोजा.

वॉरंटी, विमा, कायदा

वॉरंटीतल्या गाडीला चिप नको. विमा कंपनीला बदल न कळवता क्लेम केला तर वाद ठरलेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीवरच्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला कलम १८२ए खाली ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जबाबदारी मालकाची. दुकानदार तिथे उभा नसतो.

आणि कोणी "डीपीएफ बंद करून देतो, ईजीआर बंद करून देतो" म्हणाला, तर चहा पिऊन उठा. ते प्रदूषण कमी करणारे भाग आहेत. बीएस-६ गाडीची मान्यताच त्यांच्यावर उभी आहे.

विकणाऱ्याला विचारायचे सहा प्रश्न

१. माझ्या इंजिनासाठी, माझ्या बीएस नॉर्मसाठीच आहे का? लिहून द्या.
२. कुठल्या सेन्सरला जोडणार?
३. १,५०० ते २,००० आरपीएमला टॉर्क किती वाढेल? मालवाहू गाडीला कामाचा आकडा हाच.
४. रीमॅप असेल तर मूळ फाइलची कॉपी मला देणार का?
५. माल भरून चढावर टेस्ट देणार का?
६. जीएसटी बिल आणि पैसे परत करण्याची अट काय?

तीन प्रश्नांवर माणूस अडखळला, तर तुमचे १८,००० वाचले.

गृहपाठ

पुढच्या चार वेळा टाकी फुल करा. किलोमीटर, लिटर, मालाचं वजन आणि चढ की उतार, हे चार रकाने वहीत भरा. मग फिल्टर आणि टायरची हवा नीट करून परत चार वेळा मोजा. त्यानंतरही ताकद कमी वाटली, तर चिपचा विचार करा.

काका अजून माझ्याकडे येतात. गेल्या हंगामात त्यांनी एअर फिल्टर आणि दोन टायर नेले. माझं मार्जिन कमी झालं, पण रात्री साडेअकराचा फोन पुन्हा आला नाही.

भेटू पुढच्या भागात. परतीचं भाडं कसं मिळवायचं, ते बघू. बिनचिपची कमाई!